ग्रीसनी युरो नशिबानं जिंकला म्हणणाऱ्यांसाठी, थोडं सविस्तर

प्रश्न माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा आहे. तो आता बीड जिल्ह्यात एका शाळेवर पीटीचा शिक्षक आहे. मागच्या महिन्यात त्याच्या पोरांनी एक स्पर्धा जिंकली, सेमीफायनल १-०, फायनल पण १-०, अन् तेव्हापासून हरलेल्या टीमची माणसं म्हणायलेत की ह्यांना फुटबॉल येतच नाही, नुसते गोलसमोर गर्दी करून उभे राहिले, एक कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारायची किक, लागला अन् कप घेऊन गेले. वरून कुणीतरी त्याला ग्रीसचा दाखला दिला, की २००४ चा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांचा फुटबॉल कप, ग्रीसनी पण असाच चोरून नेला होता, त्याला कुणी जिंकणं म्हणतं का. पोरगं बिचारं हिरमुसलंय. मला विचारायला लागलं, सर, तुम्ही एवढी वर्षं ग्राउंडवर आहात, खरं सांगा, अशा टीमला क्रेडिट द्यायचं का नाही?

द्यायचं. पूर्ण द्यायचं. पण कशाचं द्यायचं हे नीट समजून घेतलं पाहिजे, नाहीतर उद्या समोरच्यानं दोन प्रश्न विचारले की आपली बोलती बंद होती. म्हणून जरा लांबण लावतो.

मी परभणीला तीसेक वर्षं पोरांना फुटबॉल शिकवतोय. २००४ ला मी पण त्याच माणसांमधला होतो बरं का, ज्यांना ग्रीस आवडली नव्हती. फायनल आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू झाली होती, ४ जुलै संपून ५ लागली होती, अन् त्या काळात लोडशेडिंगचा असा ताप होता की मॅच पूर्ण बघायला मिळंल का नाही ह्याचीच धाकधूक. आम्ही सहा-सात जण एका मित्राच्या दुकानात बसलो होतो, सगळे पोर्तुगालच्या बाजूनं. फिगो, डेको, एकोणीस वर्षांचा रोनाल्डो, घरचं मैदान, कोच कोण तर स्कोलारी, ज्यानं दोनच वर्षांपूर्वी ब्राझीलला वर्ल्डकप जिंकून दिला होता. अन् समोर कोण, तर ग्रीस. मॅच संपल्यावर रोनाल्डो रडत होता अन् आमच्या दुकानात पण सुतक पडल्यासारखं झालं होतं. मी घरी जाताना म्हणालो होतो की हे काही खरं नाही.

नंतर मी त्या मॅचेस पुन्हा पुन्हा बघितल्या, एक प्रेक्षक म्हणून नाही तर कोच म्हणून, वही घेऊन, अन् माझं मत पार बदललं.

आधी ग्रीस कुठं होती ते बघा. त्या स्पर्धेच्या आधी त्यांनी मोठ्या स्पर्धा खेळल्या होत्या दोनच, १९८० चा युरो अन् १९९४ चा वर्ल्डकप, अन् दोन्हीत मिळून एक मॅच सुद्धा जिंकली नव्हती. ९४ ला तर तीन मॅच, तिन्ही हार, दहा गोल खाल्ले अन् टाकला एकही नाही. २००१ ला ओटो रेहागल नावाचा जर्मन माणूस त्यांचा कोच झाला. ह्या माणसाची एक गोष्ट लक्षात ठेवा, १९९८ ला त्यानं कैझर्सलाउटर्न टीमला जर्मनीची लीग जिंकून दिली होती, अन् ती टीम त्याच वर्षी खालच्या डिव्हिजनमधून वर आली होती. म्हणजे कमी सामानात स्वयंपाक करायचा हा त्याचा हातखंडाच. तरी ग्रीसबरोबर पहिलीच मॅच तो फिनलंडकडून ५-१ नी हरला. पुढं युरोच्या क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे स्पर्धेत जागा मिळवायच्या मॅचेसमध्ये, सुरुवातीच्या दोन मॅच, स्पेन अन् युक्रेन, दोन्ही ०-२.

आता इथून पुढं बघा. त्यानंतरच्या सहाच्या सहा मॅच ग्रीसनी जिंकल्या अन् त्या सहा मॅचमध्ये एकही गोल खाल्ला नाही. स्पेनला स्पेनमध्ये जाऊन १-० नी हरवलं. ग्रुपमध्ये स्पेनच्या वर पहिले आले, स्पेनला जागेसाठी जादाचा प्लेऑफ खेळायला लागला. आठ मॅचमध्ये गोल टाकले फक्त आठ. हे सगळं पोर्तुगालला जायच्या आधीचं आहे, अन् "नशीब" म्हणणारा माणूस हे कधीच सांगत नाही कारण त्यानं ते बघितलेलंच नसतंय. त्याची ग्रीस १२ जून २००४ ला सुरू होती. खरी ग्रीस त्याच्या दोन वर्षं आधीपासून तयार होत होती, कुणाचं लक्ष नव्हतं एवढंच.

नशीब नव्हतं असं मी अजिबात म्हणणार नाही. होतं, अन् चांगलं भरपूर होतं. ग्रुपमध्ये ग्रीसनी पोर्तुगालला २-१ हरवलं, स्पेनशी १-१ बरोबरी केली अन् रशियाकडून १-२ हरले. रशियानं पहिला गोल तर एक मिनिट अन् काही सेकंदातच टाकला होता. शेवटी स्पेन अन् ग्रीस दोघांचे चार-चार पॉइंट, गोलफरक (टाकलेले वजा खाल्लेले गोल) सारखा, आपसातली मॅच बरोबरीत, म्हणून मग जास्त गोल कुणाचे ते बघितलं, ग्रीसचे चार अन् स्पेनचे दोन. तेवढ्यावर ग्रीस पुढं. सेमीफायनलमध्ये चेक टीमच्या रोसित्स्कीचा शॉट सुरुवातीलाच बारला लागला, त्यांचा कॅप्टन नेदवेद पहिल्याच हाफमध्ये जखमी होऊन बाहेर गेला. अन् तेव्हा सिल्व्हर गोल नावाचा नियम होता, एक्स्ट्रा टाइमचा पहिला हाफ संपताना जो पुढं असंल तो जिंकला, मॅच खलास. ग्रीसचा गोल बरोबर त्या हाफच्या शेवटच्या क्षणाला पडला, चेक लोकांना उत्तर द्यायला वेळच उरला नाही. तो नियम नंतर काढून टाकला. हे सगळं नशीबच आहे, मान्य.

पण रशियाच्या मॅचमध्ये एक गोष्ट बघा. ग्रीस ०-२ नी मागं होती अन् हाफटाइमच्या जरा आधी व्रिझासनी एक गोल परत केला. त्या मॅचमध्ये त्या गोलचा उपयोग काही झाला नाही, हरलेच. पण तो गोल नसता तर गोलफरकात स्पेन पुढं गेली असती अन् ग्रीस घरी. हरत असलेल्या मॅचमध्ये पण खांदे न पाडता एक गोल काढून आणणं, ह्याला नशीब म्हणायचं का? माझ्या पोरांना मी दरवर्षी सांगतो, ०-२ झालं म्हणून चालायला लागू नका, तो एक गोल कुठं कामाला येईल सांगता येत नाही.

आता मुद्द्यावर येतो. नॉकआउटमध्ये, म्हणजे हरला तो घरी अशा फेऱ्यांत, ग्रीसनी तीन मॅचमध्ये तीन गोल टाकले. फ्रान्सविरुद्ध झागोराकिसनी उजवीकडून क्रॉस दिला, खरिस्तेआसचा हेडर, म्हणजे डोक्यानं मारलेला गोल. चेकविरुद्ध त्सिआर्तासचा कॉर्नर, डेल्लासचा हेडर. फायनलला बासिनासचा कॉर्नर, पुन्हा खरिस्तेआसचा हेडर, ५७ वं मिनिट. तिन्ही हेडर, तिन्ही वेळा बाजूकडून आलेल्या बॉलवर. अहो, नशीब जर असतं तर एकदा पेनल्टी मिळाली असती, एकदा कुणाच्या पायाला लागून बॉल आत गेला असता, एकदा गोलकीपरच्या हातातून सुटला असता. एकाच वळणाचं अक्षर तीन कागदांवर दिसलं की आपण म्हणतो की लिहिणारा एकच आहे. फायनलला ग्रीसला पूर्ण मॅचमध्ये एकच कॉर्नर मिळाला होता, पोर्तुगालला दहा. लोक म्हणतात बघा, एका कॉर्नरवर जिंकले. मी म्हणतो बघा, दहा कॉर्नर मिळून पोर्तुगालला एक गोल जमला नाही, अन् ग्रीसनी एकुलता एक कॉर्नर वाया जाऊ दिला नाही. ज्याला माहितीये की आपल्याला संधी एकच मिळणार, तो त्या एका संधीची तयारी किती करत असंल ह्याचा विचार करा. दुष्काळी भागातल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही, एक पाऊस पडला तर पेरणी हुकू द्यायची नाही.

अन् ह्या तीन मॅचमध्ये गोल खाल्ले किती? शून्य. फ्रान्स त्या वेळी युरोचे चॅम्पियन, झिदान, आन्री सगळे. चेक टीम ग्रुपच्या तिन्ही मॅच जिंकून आलेली, क्वार्टरला डेन्मार्कला ३-० नी धुतलेलं, बारोश पाच गोल टाकून स्पर्धेत सगळ्यात पुढं. तिसरे यजमान. म्हणजे जवळजवळ पावणेपाच तास अशा लोकांसमोर एकही गोल न देणं.

"नुसतं मागं उभं राहिले" असं ज्यानं म्हटलं त्यानं एकदा माझ्या ग्राउंडवर यावं. मी पोरांना डिफेन्सची लाइन शिकवतो तेव्हा चार जणांच्या कमरेला कासरा बांधतो, दोघांमध्ये आठ-दहा पावलांचं अंतर, अन् बॉल डावीकडं गेला की चौघांनी डावीकडं सरकायचं, उजवीकडं गेला की उजवीकडं, कासरा ताणला पण नाही पाहिजे अन् जमिनीवर लोळला पण नाही पाहिजे. पहिले पाच मिनिटं पोरांना मजा वाटती. दहाव्या मिनिटाला एक जण बॉलकडं बघत राहतो अन् कासरा ताणतो, बाकीचे तीन त्याच्यावर ओरडतात. पंधराव्या मिनिटाला पाय नाही, डोकं दमतं. गोल टाकायला पळणाऱ्याला बॉलच ओढून नेत असतो, त्याला वेगळी हौस लागत नाही. पण बॉल पायात नसताना, मिळायची शक्यता नसताना, नव्वद मिनिटं फक्त जागा राखत सरकत राहायचं, शेजाऱ्याला आवाज देत राहायचं, अन् एकदा सुद्धा लोभ धरून पुढं जायचं नाही, हे माझ्या अनुभवात फुटबॉलमधलं सगळ्यात अवघड शिकवणं आहे. हुशार पोरं तर हे करायला तयारच नसतात. म्हणून तर मोठ्या टीम हे करत नाहीत, त्यांना ते जमत नाही म्हणून पण करत नाहीत.

रेहागलनी तर त्याच्याही पुढची गोष्ट केली. त्या काळात सगळे झोन पद्धतीनं, म्हणजे ज्यानं त्यानं आपापली जागा राखायची असं, खेळत होते अन् ह्यानं जुनं मॅन-मार्किंग काढलं, एकाला एक माणूस चिकटवायचा अन् मागं डेल्लास मोकळा ठेवायचा, जे सुटलं ते झाडून घ्यायला. फ्रान्सच्या मॅचला सेइतारिदिस आन्रीला असा चिकटला की सावली बरी. लोक हसले की ही पद्धत कधीच जुनी झाली. पण ती जुनी झाली होती म्हणूनच त्या वेळच्या फॉरवर्ड लोकांना तिची सवय राहिली नव्हती. हे डोकं आहे, नशीब नाही. अन् स्किल नव्हतं म्हणणाऱ्यांनी फ्रान्सविरुद्धचा गोल बघावा, झागोराकिसनी फ्रान्सच्या लिझाराझूच्या डोक्यावरून बॉल उचलून काढला अन् मग क्रॉस दिला. त्या स्पर्धेचा सगळ्यात भारी खेळाडू म्हणून त्यालाच निवडलं होतं.

माझ्यासाठी सगळ्यात मोठा पुरावा मात्र वेगळाच आहे. ग्रीसनी पोर्तुगालला एकाच स्पर्धेत दोनदा हरवलं, उद्घाटनाच्या मॅचला अन् फायनलला. पहिल्यांदा हरवलं तेव्हा म्हणा, बेसावध पकडलं. पण नंतर तीन आठवडे होते. पोर्तुगालनी टीम बदलली, खेळ बदलला, त्यांना पक्कं माहिती होतं की हे लोक काय करणार आहेत, कुणाच्या डोक्यावर बॉल टाकणार आहेत. ग्रीसचा कारागुनिस, ज्यानं पहिल्या मॅचला गोल टाकला होता, तो तर फायनलला सस्पेंड होता. तरी तेच झालं. समोरच्याला उत्तर माहिती असून सुद्धा जर पेपर सुटत नसंल तर पेपर काढणाऱ्याला मानलं पाहिजे का नाही?

आता माझ्या आयुष्यातली एक मॅच सांगतो कारण ती सांगितल्याशिवाय हे उत्तर पूर्ण होणार नाही. बरीच वर्षं झाली. माझी टीम त्या वेळी आसपासच्या चार-पाच जिल्ह्यांत सगळ्यात भारी होती, असं मी नाही सगळेच म्हणायचे. एका स्पर्धेच्या फायनलला समोर एका आश्रमशाळेची पोरं आली. बहुतेक ऊसतोड कामगारांची लेकरं, काहींच्या पायात कॅनव्हासचे बूट, काहींचे ते पण फाटके. एप्रिल महिना, उद्घाटनाच्या भाषणांनी उशीर झाला अन् मॅच सुरू झाली अकराच्या पुढं. काळ्या मातीचं ग्राउंड, भेगा बुजवून वरून रोलर फिरवलेला, ऊन असं की पाण्याची बाटली गरम व्हायची. माझ्या पोरांनी पहिली पंचवीस मिनिटं त्यांना हलू दिलं नाही, बॉल सगळा आमच्याकडंच. गोल काही होईना. दुसऱ्या हाफला आमचे पाय जड झाले, अन् शेवटच्या दहा मिनिटांत त्यांनी आमच्या डाव्या बाजूनं एक बॉल टाकला, त्यांचं एक बारकं पोरगं पळालं अन् गोल. ०-१ हरलो.

मी बक्षीस समारंभाला सगळ्यांसमोर म्हणालो की आज चांगली टीम हरली. आजही मला त्या वाक्याची लाज वाटते. कारण नंतर चहा घेताना त्यांचे सर माझ्याजवळ आले, साधा माणूस, फुटबॉल कधी खेळलेला नाही, पुस्तकं वाचून अन् बघून शिकलेला, अन् हात जोडून म्हणाले, सर, तुमच्या पोरांचा आम्ही क्वार्टर अन् सेमी दोन्ही बघितला, तुमची पोरं पहिल्या पंचवीस मिनिटांत सगळा दम काढून टाकतात अन् पाणी कमी पितात, म्हणून आम्ही ठरवलं की पंचवीस मिनिटं काहीच करायचं नाही, सावलीसारखं मागं राहायचं, उन्हाला आपलं काम करू द्यायचं, अन् तुमचा डावा बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा डिफेंडर, दमला की पुढं यायला लागतो पण माघारी जात नाही, तिथं आमचा सगळ्यात चपळ पोरगा शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी राखून ठेवला होता. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. माझ्या टीमबद्दल मला जे माहिती नव्हतं ते त्या माणसाला दोन मॅच बघून कळलं होतं. आता सांगा, क्रेडिट कुणाचं? माझ्या पोरांच्या पायात त्यांच्यापेक्षा जास्त कला होती, हे आजही खरं आहे. पण त्या दिवशी त्या ग्राउंडवर, त्या उन्हात, समोर कोण आहे हे ओळखून खेळलेली टीम एकच होती.

"सगळ्यात भारी टीम कोणती" हा एक प्रश्न आहे अन् "स्पर्धा कुणी जिंकली अन् ती त्यांच्या कष्टानं जिंकली का" हा दुसरा. लोक हे दोन्ही एकात कालवतात अन् मग भांडतात. ग्रीस २००४ मध्ये युरोपातली सगळ्यात भारी टीम होती का? नाही, मी पण नाही म्हणणार. दहा वेळा फ्रान्सशी खेळले असते तर सात वेळा हरले असते, असू द्या. पण स्पर्धा दहा वेळा खेळायची नव्हतीच, एकदाच खेळायची होती, अन् हा नियम सोळाच्या सोळा टीमला आधीपासून माहिती होता.

त्यात फुटबॉलचा स्वभाव पण बघा. आपल्याकडं गावोगाव कबड्डी आहे म्हणून कबड्डीचंच उदाहरण घेऊ. तिथं एका मॅचला तीस-चाळीस पॉइंट होतात, म्हणून कच्ची टीम दोन-चार पॉइंट नशिबानं घेईल पण शेवटी तगडी टीमच जिंकती. फुटबॉलमध्ये गोलच मोजके. त्या २००४ च्या युरोत ३१ मॅचमध्ये ७७ गोल झाले, म्हणजे मॅचला सरासरी अडीच. जिथं निकाल एक-दोन गोलवर लागतो तिथं लहान टीमला दार थोडं उघडं असतंय. म्हणून फुटबॉलमध्ये असे चमत्कार जास्त दिसतात. पण दार उघडं आहे हे सगळ्याच लहान टीमला माहिती असतं, आत जाणारी एखादीच असती. १९९२ च्या युरोत डेन्मार्क गेली. ती टीम तर क्वालिफाय पण झाली नव्हती, युगोस्लाव्हियात युद्ध पेटलं म्हणून त्यांना स्पर्धेतून काढलं अन् जेमतेम दहा दिवस आधी डेन्मार्कला बोलावलं. सेमीला हॉलंडला पेनल्टीवर हरवलं, फायनलला जर्मनीला २-०. तेव्हा ते बॉल सारखा मागं गोलकीपर श्मायकलकडं द्यायचे अन् तो हातात घ्यायचा, वेळ काढायचे, त्या वेळी ते नियमात होतं, त्याच उन्हाळ्यानंतर नियम बदलला. बदलला म्हणून त्यांचं जिंकणं खोटं ठरत नाही, ज्या दिवशी खेळले त्या दिवशीच्या नियमानं खेळले.

लीगचं मात्र वेगळं, तिथं वर्षभर सगळे सगळ्यांशी खेळतात. लेस्टर सिटीनी २०१५-१६ ला इंग्लंडची लीग जिंकली तेव्हा ३८ मॅच खेळून फक्त तीन हरले, ८१ पॉइंट, दुसऱ्या नंबरच्या आर्सेनलपेक्षा दहा जास्त. तिथं नशीब नशीब म्हणायला कुणाला तोंडच उरत नाही, कारण आठ-नऊ महिने नशीब कुणाला पुरत नाही. नॉकआउटमध्ये नशिबाचा वाटा जास्त, हे मी स्वतःहून कबूल करतो.

ह्यावर दोन उत्तरं येतात मला नेहमी. एक म्हणजे खेळ बघायला कंटाळवाणा होता. बरोबर आहे. मला पण चेक टीमचा खेळ जास्त आवडायचा, अजून पण आवडतो. पण आवडणं हा माझा हक्क आहे, त्यांचं कर्तव्य नाही. एक कोटीच्या जवळपास लोकवस्तीचा देश, समोर फ्रान्स अन् पोर्तुगाल, त्यांनी मला आवडावं म्हणून छाती उघडून खेळावं अन् ०-४ नी हरावं? ९४ ला अर्जेंटिनाकडून अन् बल्गेरियाकडून तसं हरून बघितलंच होतं की.

दुसरं उत्तर जरा वजनाचं आहे. म्हणतात, खरंच चांगले होते तर पुढं काय झालं? युरो जिंकून दोनच महिने झाले तर अल्बेनियाकडून २-१ नी हरले, २००६ च्या वर्ल्डकपला पोचले नाहीत, २००८ च्या युरोत तिन्ही मॅच हरले. हे सगळं खरं आहे. पण शिखरावर जाणं वेगळं अन् तिथं घर बांधणं वेगळं. घर बांधायला पैसा लागतो, मैदानं लागतात, मागून येणारी पोरं लागतात.

ह्याचं उदाहरण परदेशात शोधायची गरजच नाही, आपल्याच घरात आहे. १९६२ च्या जकार्ता एशियन गेम्सला भारतानं फुटबॉलचं गोल्ड जिंकलं. कोच सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे, पेशानं शिक्षक होते आधी. त्यांची हैदराबाद सिटी पोलीस टीम १९५० ते १९५४ ओळीनं पाच वेळा मुंबईला जाऊन रोव्हर्स कप घेऊन आली, अन् १९५६ पर्यंत आपला मराठवाडा त्याच हैदराबाद राज्यात होता, म्हणजे ते आपलेच म्हणायला हरकत नाही, माझ्यासाठी तर ते आपलेच आहेत. जकार्त्याला ग्रुपमध्ये भारत दक्षिण कोरियाकडून ०-२ हरला होता. जर्नेल सिंग हा आपला डिफेंडर, त्याच्या डोक्याला जखम होऊन टाके पडलेले, तर रहीम साहेबांनी त्याला फॉरवर्डला खेळवलं. फायनलला परत तीच कोरिया समोर, पूर्ण स्टेडियम भारताच्या विरोधात ओरडायलेलं, अन् भारत २-१ जिंकला, एक गोल पी. के. बॅनर्जींचा अन् दुसरा त्याच जर्नेल सिंगचा. पुढच्या वर्षी रहीम साहेब कॅन्सरनी गेले अन् त्यानंतर आजपर्यंत भारताला ते गोल्ड पुन्हा मिळालं नाही. म्हणून काय आपण म्हणायचं की १९६२ चं गोल्ड नशिबाचं होतं? कुणी माझ्यासमोर म्हणून दाखवावं.

एक मात्र आहे, कमजोर टीम जिंकली की प्रत्येक वेळी टाळ्या वाजवायच्या असं पण मी करत नाही. आमच्याकडच्या स्पर्धांमध्ये मी वयाचे खोटे दाखले बघितलेत, चौदा वर्षांखालच्या मॅचला मिसरूड फुटलेली पोरं बघितलीत. एक गोल झाला की दर दोन मिनिटाला एक पोरगं पोटरी धरून आडवं पडतं, कोचच बाहेरून इशारा करतो, हे पण बघितलंय. अशा जिंकण्याला मी जिंकणं म्हणत नाही, मग टीम गरीब असू द्या का श्रीमंत. ग्रीसनी हे केलं नाही, त्या आश्रमशाळेनी पण नाही. माझ्या आठवणीत त्यांचं एक पोरगं पडलं होतं ते खरंच लागलं म्हणून, अन् लंगडत लंगडत स्वतःच उठलं.

तर बाळा, आता तुझ्या टीमबद्दल. तू मला फोनवर सांगितलंस की तुमचे दोन्ही गोल कॉर्नरवरून पडले, दोन्ही वेळा बॉल जवळच्या खांबाकडं टाकला अन् मागून येणाऱ्यानं डोकं लावलं, अन् हे तुम्ही दिवाळीपासून रोज संध्याकाळी वीस-वीस वेळा करायला होता, अंधार पडला की मोटरसायकलचे लाईट लावून. मग तुला प्रश्न पडायलाच नको होता. पोरांना ग्राउंडवर गोल बसव अन् त्यांना सांग की तुम्ही काय केलं, एकेकाचं नाव घेऊन, कुणी कुणाला अडवलं ते सांग. गोल टाकणाऱ्याचं नाव सगळे घेतात, त्या डाव्या बॅकचं कुणी घेणार नाही, ते तुलाच घ्यावं लागंल.

अन् तू विचारलंस की पुढच्या वर्षी लोकांचं तोंड बंद करायला मोकळा खेळ खेळू का. तोंड बंद करायला काहीच करू नको. पण पोरं एक वर्षानी मोठी होतील, बॉल पायात ठेवायला शिकली पाहिजेत, तर जूनपासून आठवड्यातले दोन दिवस लहान जागेत चार विरुद्ध चार खेळव, दोन स्पर्शात पास, बाकीचे दिवस आहे तेच चालू ठेव. कॉर्नर पण बदल, आता सगळ्यांना कळलाय तो, लांबच्या खांबाचा एक बसव. फायनलचं मोबाईलवर कुणी शूटिंग केलं असंल तर मला पाठव, मला दुसऱ्या हाफमधला तुझा डावा बॅक बघायचाय.